आधी टॉवर की आधी फोन उचलणारा माणूस? अडचणीतल्या मोबाईल कंपनीचं कोडं

परवा दुपारी अण्णा दुकानात आले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे सहा यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. घर विडी घरकुलात. काउंटरवर मोबाईल ठेवला आणि म्हणाले, "पोर्ट मारून टाक बाबा. आता नको ही कंपनी."

झालं असं, की घरच्या अक्कांच्या 'लाडकी बहीण' योजनेच्या केवायसीचा ओटीपी घरात तीनदा आलाच नाही. चौथ्यांदा आला तेव्हा वेळ संपलेली. कारखान्यात तर सुताच्या व्यापाऱ्याचा फोन कधी लागतच नाही. अण्णांनी कस्टमर केअरला फोन लावला आणि चांगलं सुनावलं. "ती पोरगी इतकं गोड बोलली," ते म्हणाले, "की ओरडलो म्हणून मलाच वाईट वाटलं." तक्रारीचा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. रेंज होती तिथेच.

जुळे सोलापुरात माझं रिचार्जचं दुकान आहे, पंधरा वर्षं झाली. या काळात कंपन्या आल्या, गेल्या, एकमेकींत मिसळल्या. सध्या लोक रोज दोन प्रश्न विचारतात. कंपनी बंद पडणार का, आणि रेंज का येत नाही? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. कंपनीकडे पैसा कमी असेल तर तो टॉवरवर घालावा की ग्राहकाचा फोन उचलण्यावर? याचं उत्तर कळायला आधी रेंज म्हणजे काय ते कळलं पाहिजे.

## रेंज येते कुठून

मोबाईल हा एक छोटा रेडिओ आहे. तो जवळच्या टॉवरशी बोलतो आणि टॉवर पुढे तारेने, म्हणजे बहुतेक ठिकाणी फायबरने, कंपनीच्या मुख्य यंत्रणेशी जोडलेला असतो. टॉवर आणि मोबाईल यांच्यातलं बोलणं हवेतून, ठरावीक लहरींवर चालतं. या लहरींच्या पट्ट्यांना स्पेक्ट्रम म्हणतात. सरकार त्यांचा लिलाव करतं आणि ज्या कंपनीने जी पट्टी घेतली ती तिची.

सगळ्या पट्ट्या सारख्या नसतात. गणपतीची मिरवणूक लांबून येत असते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोलाचा दणका. लेझीमचा आणि झांजेचा आवाज मिरवणूक गल्लीत शिरल्यावरच येतो. ढोलाचा आवाज खालच्या सुरातला, म्हणून तो भिंती आणि वळणं ओलांडून येतो. लहरींचं जवळपास तसंच आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्या लांब जातात आणि घरात शिरतात. २३०० किंवा २५०० च्या वरच्या पट्ट्या भरपूर डेटा वाहतात, पण जवळच्या जवळ, आणि भिंत आली की अडतात. ५जीसाठी वापरली जाणारी ३३०० च्या पुढची पट्टी तर आणखी लवकर थकते.

म्हणून "आमच्याकडे ४जी आहे" एवढं कंपनीने सांगून भागत नाही. ते ४जी कुठल्या पट्टीवर आहे आणि टॉवर किती लांब आहे, यावर तुमच्या स्वयंपाकघरात फोन लागणार की नाही ते ठरतं. उत्तर कसब्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड. तिथे ओसरीवर तीन काड्या आणि माजघरात शून्य, हे रोजचं आहे.

## काड्या भरलेल्या, तरी नेट चालेना

ही दुसरीच भानगड आहे आणि लोक दोन्ही एकच समजतात.

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. आलं की सगळी गल्ली एकदम मोटर लावते आणि शेवटच्या घराला धार बारीक होते. नळ आहे, पाइप आहे, पाणीही सुटलंय, तरी हंडा भरत नाही. मोबाईलमध्ये याला क्षमता कमी पडणं म्हणायचं. टॉवरची लहर तुमच्यापर्यंत पोचते, काड्या दिसतात, पण त्या टॉवरवर एकाच वेळी इतकी माणसं असतात की प्रत्येकाच्या वाट्याला थेंब येतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर उभं राहून फोटो पाठवून बघा. आषाढीला पंढरपुरात तर कंपन्या गाडीवरचे फिरते टॉवर आणून उभे करतात, तरी नदीकाठी व्हिडिओ कॉल लागेल याची खात्री नसते.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी मलाही फार उशिरा कळली. काड्या हे माप नव्हे. प्रत्येक फोन बनवणारा त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. खरं माप अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये असतं. 'फोनविषयी' मध्ये जाऊन सिमची स्थिती उघडा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यात दिसते. ४जीवर उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० झालं की आवाज तुटायला लागतो, उणे १२० ला फोन नुसताच हातात धरायचा. एकाच कंपनीच्या दोन फोनवर काड्या वेगळ्या आणि हा आकडा जवळपास सारखा, असं मी काउंटरवर कितीतरी वेळा दाखवलं आहे.

## पत्र्याच्या शेडमधलं गणित

सोलापूरच्या कारखानदाराची अडचण पुण्याच्या ऑफिसवाल्यापेक्षा वेगळी आहे आणि ती कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत येत नाही. आपल्या शेडला पत्रा असतो. धातूचा पत्रा लहरींना परतवून लावतो. दारातून आणि खिडकीतून जेवढं आत येईल तेवढंच. त्यात मागांचे लोखंडी सांगाडे ओळीने उभे. अण्णांच्या शेडमध्ये दारातल्या मागाजवळ फोन लागतो, तिसऱ्या मागाजवळ आवाज तुटतो आणि कांडी मशीन ज्या कोपऱ्यात आहे तिथे 'सेवा उपलब्ध नाही'. म्हणून कामगारांनी खिडकीच्या कठड्यावर एक तुटकी प्लास्टिकची ट्रे ठेवली आहे. शिफ्ट सुरू झाली की सगळ्यांचे फोन त्या ट्रेमध्ये, कठड्यावर. कोणाचा वाजला की ओळखायला प्रत्येकाने वेगळी रिंगटोन लावलेली. मागांच्या खडखडाटात ती ऐकू येते असंही नाही, ट्रेमधला प्रकाश दिसतो.

अशा जागेवर उपाय एकच, वाय-फाय कॉलिंग. शेडमध्ये ब्रॉडबँड घ्यायचं आणि फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू करायचं, मग कॉल टॉवरऐवजी इंटरनेटवरून जातो. नंबर तोच राहतो. पण हे अण्णांना कस्टमर केअरच्या एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. तिकडून दर वेळी एकच सल्ला आला, फोन बंद करून चालू करा.

## टॉवर समोर दिसतोय की!

हा आक्षेप रोजचा. "अहो, माझ्या गच्चीवरून टॉवर दिसतो, मग रेंज का नाही?"

पहिलं म्हणजे तो टॉवर तुमच्या कंपनीचा आहे का? आज बहुतेक टॉवर मोबाईल कंपन्यांच्या मालकीचे नाहीत. इंडस टॉवर्ससारख्या वेगळ्या कंपन्या लोखंडी खांब उभा करतात, वीज आणि बॅटरी सांभाळतात आणि मोबाईल कंपन्यांना जागा भाड्याने देतात. एका शेडमध्ये चार जणांनी आपापले माग भाड्याच्या जागेत टाकावेत, तसं. एका खांबावर तीन कंपन्यांचे अँटेना असतात, दुसऱ्यावर एकाच कंपनीचा. खालून सगळे सारखेच पांढरे डबे दिसतात.

दुसरं, अँटेना दिव्यासारखा चारी बाजूंनी उजेड टाकत नाही. तो बॅटरीच्या झोतासारखा एका दिशेला, किंचित खाली झुकवून लावलेला असतो. अगदी खांबाच्या पायथ्याशी झोत डोक्यावरून जातो.

तिसरं म्हणजे वीज. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली की डिझेल जनरेटरवर. बॅटऱ्या जुन्या झालेल्या असतील किंवा डिझेल वेळेवर आलं नाही, तर लाइट गेल्यावर अर्ध्या तासात रेंजही जाते. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा हे फार जाणवतं. तुमच्या भागात रेंज नेमकी लाइट जाण्याच्या वेळेशी जुळून जात असेल, तर तक्रारीत तसं स्पष्ट लिहा. 'नेटवर्क नाही' या दोन शब्दांपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

अक्कलकोट तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांची आणखी वेगळी कथा. तिथे फोन कर्नाटकातला टॉवर पकडतो. आपण महाराष्ट्र सर्कलचे, म्हणजे परवान्यासाठी आखलेल्या महाराष्ट्र विभागाचे ग्राहक आणि टॉवर दुसऱ्या सर्कलचा. तक्रार नक्की कोणाची, इथूनच गोंधळ सुरू होतो.

## कंपनी अडचणीत येते म्हणजे नक्की काय होतं

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि डेटा मातीमोल झाला. आपल्याला आनंद झाला, माझ्या दुकानात सिमसाठी रांग लागली होती. पण बाकीच्या कंपन्यांचं उत्पन्न घसरलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या शेवटी मोबाईल कॉलची सेवा बंद केली. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. टाटाचा मोबाईल व्यवसाय एअरटेलने घेतला. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. तेव्हा त्यांचे मिळून चाळीस कोटींच्या आसपास ग्राहक होते आणि ती देशातली सर्वांत मोठी कंपनी होती. २०२५ उजाडेपर्यंत ते वीस कोटींच्या आसपास आले.

मध्ये आलं एजीआर. बातम्यांत हा शब्द सारखा येतो, म्हणून एकदाच सांगतो. तुम्ही नवी पेठेत गाळा भाड्याने घेतला आणि मालकाशी ठरलं की भाडं म्हणजे गल्ल्याचे आठ टक्के. तुम्ही कापडविक्रीचा गल्ला मोजता. मालक म्हणतो, तू रद्दी विकलीस ते पैसे, बँकेतल्या ठेवीचं व्याज, तेही मोज. सरकार आणि मोबाईल कंपन्यांचं भांडण नेमकं हेच होतं. परवाना शुल्क उत्पन्नाच्या आठ टक्के, पण उत्पन्नात काय काय धरायचं? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ ला सरकारची बाजू मान्य केली. अनेक वर्षांची थकबाकी, तिच्यावर व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज एकदम अंगावर आलं. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने पुढच्या काळासाठी ही व्याख्या सैल केली आणि हप्त्यांना चार वर्षांची सवलत दिली. जुनं देणं मात्र राहिलंच.

बीएसएनएलचं दुखणं वेगळं. ४जी यायला तिला इतका उशीर झाला की लोक थांबले नाहीत. २०२० च्या सुरुवातीला तिचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले. ज्या लाइनमनला आपण नावाने ओळखत होतो, तो गेला. केंद्राने तिला तीन वेळा मोठं अर्थसाहाय्य दिलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू झाल्याची घोषणा झाली.

कारण काहीही असो, पुढचं चक्र सगळीकडे सारखंच फिरतं. गावाकडची एसटी आठवा. प्रवासी कमी झाले म्हणून एक फेरी बंद केली. फेरी बंद झाली म्हणून उरलेले प्रवासी वडापकडे वळले. मग दुसरी फेरीही परवडेना. मोबाईल कंपनीत प्रवासी म्हणजे ग्राहक आणि फेरी म्हणजे टॉवर. शिवाय जो ग्राहक आधी जातो, तो बहुतेक जास्त पैसे देणारा असतो. त्याला फोन बंद ठेवणं परवडत नाही. मागे उरतात ते कमीत कमी रिचार्जवर सिम जिवंत ठेवणारे. एका ग्राहकामागे महिन्याला मिळणारी रक्कम घटते आणि नव्या टॉवरसाठी हातात काही उरत नाही.

## मग हातातला रुपया कुठे घालायचा?

आता मूळ प्रश्नाकडे. एक बाजू म्हणते, टॉवर उभा करणं महाग आहे, वेळ लागतो. तोपर्यंत ग्राहकाला सांभाळून घ्या, फोन पटकन उचला, मराठीत बोला. आपल्या सोलापुरात तर तेलुगू आणि कन्नडमध्येही बोला. माणूस आपुलकीने थांबतो.

मी पंधरा वर्षं लोकांना थांबताना आणि जाताना पाहिलं आहे आणि मला हे पटत नाही. स्टँडवर कंडक्टर कितीही अदबीने वागला, तरी बस येत नसेल तर प्रवासी किती वेळ उभा राहील? माझ्या काउंटरवर येणाऱ्या तक्रारींत बहुतेक रेंजच्या असतात. त्या कस्टमर केअरच्या माणसाकडे जातात, आणि त्याच्या हातात टॉवर नसतो. तो तक्रार लिहून घेतो आणि पुढे ढकलतो. म्हणजे रेंज खराब असेल तर कस्टमर केअरला फोनही जास्त येतात, रांग वाढते, आणि त्या रांगेवर घातलेला पैसा एकही कॉल जोडत नाही. टॉवरवर घातलेला पैसा मात्र तक्रारीही कमी करतो. त्यामुळे पैसा मोजकाच असेल तर तो आधी टॉवरवर जावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोही सगळीकडे थोडाथोडा शिंपडून नको. जिथे लोक झोपतात आणि जिथे कमावतात, तिथे आधी. हायवेवरच्या पाचव्या काडीपेक्षा विडी घरकुलातल्या घरातली एक काडी मोलाची आहे, कारण गिऱ्हाईक तिथे राहतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. रेंज उत्तम असताना सोडून गेलेले लोकही मी पाहिले आहेत. एक ताई होत्या, त्यांचे यजमान वारले. बँकेला, एलआयसीला, मुलाच्या शाळेला सगळीकडे यजमानांचाच नंबर. तो स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्या कंपनीच्या सेंटरला चार वेळा गेल्या. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी वेगळा कागद. पाचव्यांदा माझ्याकडे आल्या त्या नवं सिम घ्यायला. मृत्यूचा दाखला त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडता जपून आणला होता. त्यांच्या घरात रेंजची एक काडीही कमी नव्हती.

दोन्ही अनुभव एकत्र ठेवले की मला एक गोष्ट दिसते. ग्राहकसेवेचा महाग भाग म्हणजे माणसं आणि खुर्च्या. तिचा स्वस्त भाग म्हणजे खरं सांगणं आणि समोरच्या माणसाला निर्णयाचा अधिकार देणं. अडचणीतल्या कंपन्या नेमका हा स्वस्त भाग आधी मारतात. तक्रार सुटली नसताना 'निवारण झाले' असा मेसेज जातो, कारण आत कुठेतरी तक्रार किती तासांत बंद केली यावर गुण मिळतात. बंद केली, सोडवली नाही. अण्णांचा राग रेंजवर होताच, पण पोर्ट मारायचं त्यांनी ठरवलं ते त्या मेसेजने. "मला खोटं पाडलं," असं ते म्हणाले.

कस्टमर केअरच्या त्या मुलीच्या स्क्रीनवर असं लिहिलेलं असतं की 'या भागातल्या साइटला क्षमता कमी आहे, तीन महिन्यांत वाढ होणार नाही, वाय-फाय कॉलिंग सुचवा', आणि ते सांगायची तिला मुभा असती, तर कंपनीला एकही नवा टॉवर न लावता अण्णा राहिले असते. ही माहिती कंपनीकडे असतेच. नेटवर्क विभागाकडे प्रत्येक साइटचा रोजचा हिशोब असतो. तो फोन उचलणाऱ्यापर्यंत पोचू द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

## पण सरकारचे शेअर आहेत ना, मग बुडेल कशी?

व्होडाफोन आयडियाच्या थकबाकीचं रूपांतर शेअरमध्ये झालं. २०२३ मध्ये सुमारे १६ हजार १०० कोटी आणि २०२५ मध्ये सुमारे ३६ हजार ९५० कोटी. त्यामुळे केंद्राचा वाटा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. लोक विचारतात, म्हणजे ती आता बीएसएनएलसारखी सरकारी झाली का? नाही. वाटा निम्म्याच्या आत आहे आणि कारभार आधीच्या मालकांकडेच आहे. शिवाय यातून कंपनीच्या खिशात नवा रुपया आला नाही, फक्त देणं कमी झालं. सावकाराने व्याज सोडून शेतात वाटा घेतला तरी बियाणं वेगळं आणावंच लागतं.

आणि समजा एखादी कंपनी खरंच बंद पडली, तर नंबर जातो का? नंबर दुसरीकडे नेता येतो, पण वेळेत. एअरसेलचं उदाहरण लक्षात ठेवा. २०१८ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूत तिचं नेटवर्क कोलमडलं आणि लाखो लोक एकदम पोर्टसाठी धावले. पोर्टचा कोड एसएमएसने येतो आणि एसएमएस यायला नेटवर्क लागतं. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, मध्ये पडावं लागलं. म्हणून घाबरून आजच पळू नका, पण बँकेला जोडलेला नंबर अशा सिमवर असेल तर बातम्यांकडे लक्ष असू द्या.

## सगळेच चांगल्या कंपनीत गेलो तर?

जाऊ शकतो. पण जुलै २०२४ आठवा. तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या आत दर वाढवले आणि लोक बीएसएनएलच्या सिमसाठी माझ्याकडे आले. पर्याय चार होते म्हणून तसं करता आलं. ते दोन उरले तर पुढच्या दरवाढीला आपण कुठे जाणार? अडचणीतली कंपनी जगावी असं मला वाटतं ते यासाठी. तिच्यावर दया म्हणून नव्हे.

आणि टॉवरला विरोध करणाऱ्यांशीही मला मनापासून बोलायचं आहे. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको, आणि घरात रेंज मात्र हवी, हे जमत नाही. किरणांची भीती मी समजू शकतो. म्हणून सांगतो, २०१२ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली. शिवाय टॉवर लांब असला की तुमच्या कानाला लावलेला फोन जास्त ताकदीने ओरडतो.

## तक्रार करायची ती अशी

१९८ हा तक्रारीचा मोफत क्रमांक आहे. तक्रारीचा नंबर घ्या, तारखेसह लिहून ठेवा. बोलताना पत्ता, वेळ, घरात की बाहेर, कॉल की डेटा आणि तो डीबीएमचा आकडा सांगा. उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील करता येतं. हे फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि माझ्या अनुभवात खरी हालचाल तिथेच होते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करून वाट बघू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक तिथे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या नेटवर्कचा नकाशा वेबसाइटवर ठेवावा लागतो. पोर्ट करण्याआधी तो जरूर बघा, पण तो घराबाहेरचा असतो, पत्र्याखालचा नाही. त्याच नियमांत आणखी एक चांगली गोष्ट आहे. जिल्ह्यात चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ.

पोर्टचं सोपं आहे. मोठ्या इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा. आलेला कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. सिम आताच्या कंपनीत नव्वद दिवस झालेलं असावं, पोस्टपेडचं बिल बाकी नसावं. उरलेला बॅलन्स आणि पॅक मागेच राहतो, म्हणून रिचार्ज संपत आल्यावर पोर्ट करा.

## तीन फोन घेऊन

अण्णांचा पोर्ट मी लगेच मारला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडचे तीन कंपन्यांचे तीन फोन घेऊन त्यांच्या शेडवर गेलो. माग बंद होते, पत्रा तापून कडकड वाजत होता. दारात तिन्ही ठीक. कांडी मशीनच्या कोपऱ्यात दोन पूर्ण बंद, तिसऱ्यावर उणे ११८. म्हणजे तिथे कंपनी बदलून काही होणार नव्हतं.

मग विडी घरकुलात गेलो. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. घरात अण्णांच्या कंपनीचं उणे ११६, दुसऱ्या एकीचं उणे ९४. तिथे फरक खरा होता.

शेवटी अक्कांचा नंबर पोर्ट केला. शेडमध्ये ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं, वाय-फाय कॉलिंग मी लावून देणार आहे. अण्णांचा स्वतःचा नंबर मात्र त्याच कंपनीत आहे, कारण सगळे सुताचे व्यापारी त्यावर आहेत आणि व्यवहाराच्या दिवसांत एक तासही तो बंद पडायला नको. अपिलाचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून दुकानात लिहिला. त्यात पहिलंच वाक्य अण्णांनी सांगितलं ते तसंच ठेवलं, 'माझी तक्रार सुटलेली नाही, ती तुम्ही बंद केली आहे.'